दवाखान्याचा उंबरठा

रोगाला जात नसते, असे आपल्याकडे मोठ्या सात्त्विक भावाने सांगितले जाते. ते खरेही आहे. पण औषध मिळण्याला जात असते, वर्ण असतो, भाषा असते आणि सरकारी कागदही असतो. अमेरिकेतील लॅटिनो समाजातले समलिंगी पुरुष, तसेच स्त्री आणि पुरुष दोहोंकडे ओढ असणारे पुरुष, यांनी एड्सच्या काळात आरोग्यसेवेसाठी जो झगडा केला त्याचा इतिहास वाचताना मला हेच पानोपानी दिसत गेले.

लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्युबा, पोर्टो रिको, मध्य व दक्षिण अमेरिका या मुलखांतून आलेले लोक आणि त्यांची लेकरे. शेतातली फळे तोडणारे, हॉटेलात भांडी विसळणारे, दुसऱ्यांची घरे झाडणारे हात यांच्यात फार. या समाजातल्या समलिंगी पुरुषावर दुहेरी ओझे होते. गोऱ्यांच्या जगात तो उपरा, आणि आपल्या वस्तीत पुरुषजातीला बट्टा.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद आली. एड्सची ही पहिली नोंद. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषांनी स्वतःची मदतसंस्था उभारली. सरकार स्वस्थ बसले असताना त्यांनी केलेले काम थोर होते, यात शंका नाही. पण वर्तमानपत्रांतून या रोगाचा जो चेहरा लोकांपुढे आला तो गोरा, शिकलेला, इंग्रजी बोलणारा होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्याच केंद्राने आकडे मांडले. २४,५७६ रुग्णांपैकी १४ टक्के लॅटिनो होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण होते ६ टक्के. काळ्या समाजाचे रुग्ण २५ टक्के, लोकसंख्या १२ टक्के. चेहरा एकाचा, आणि मरण भलत्याच्याही घरी!

हे लोक वेळेवर दवाखान्यात का येत नाहीत, या प्रश्नाला पंडितांचे उत्तर तयार होते. त्यांच्यात मर्दानगीचा अहंकार फार, चर्चचा पगडा फार, अज्ञान फार. थोडक्यात, दोष रोग्याचा. हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. माझ्या लहानपणी वस्तीतल्या बायका दवाखान्यात जायला कचरत, तेव्हा त्यांनाही अडाणी म्हटले जाई. पुडी वरून टाकणारा कंपाउंडरचा हात मात्र कोणी पाहत नसे.

मर्दानगीचा जाच खोटा होता असे मी म्हणत नाही. पण हा समाज आरोग्याविषयी उदासीन होता हे मात्र साफ खोटे आहे. एड्स येण्याच्या अकरा वर्षे आधीची गोष्ट पाहा. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले त्या ब्लॅक पँथरचे सोबती म्हणजे पोर्टो रिकोच्या तरुणांची यंग लॉर्ड्स ही संघटना. क्षयाची तपासणी करणारी गाडी वस्तीत पुरेशी फिरकत नाही म्हणून जून १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये त्यांनी ती गाडीच ताब्यात घेतली. तिला रामोन बेतान्सेस या पोर्टो रिकोच्या स्वातंत्र्यवादी डॉक्टरचे नाव दिले आणि तपासणी सुरू ठेवली. १४ जुलैला त्यांनी ब्राँक्समधल्या मोडकळीला आलेल्या लिंकन रुग्णालयाचा कबजा घेतला. तपासणी दारोदार न्या, रुग्णांच्या तक्रारी ऐकायला माणूस बसवा, या त्यांच्या मागण्या होत्या. याच संघटनेच्या जाहीरनाम्यात सुरुवातीला मर्दानगीची भलामण होती; तिच्यातल्या स्त्रियांनी भांडून ती त्याच वर्षी काढायला लावली. मोर्चा स्वतःच्या घरातही काढावा लागतो, हे त्यांना कळले होते.

मग पुढे पाय अडखळले ते कशाने? १९८७ साली अमेरिकेने एच.आय.व्ही.ची लागण झालेल्या परकीयांना देशाची दारे बंद केली, आणि कायम वास्तव्याचा अर्ज करणाऱ्यांना रक्ताची तपासणी सक्तीची झाली. जी तपासणी उपचाराचे दार उघडते तीच हद्दपारीची वाट झाली! ही बंदी जानेवारी २०१० मध्ये उठली. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. कागद नसलेल्यांना तातडीच्या उपचारांखेरीज सरकारी आरोग्यसेवा नाकारावी आणि संशयितांची नावे सरकारला कळवावीत, असे त्यात होते. न्यायालयांनी तो अडवला; पण दवाखान्याच्या टेबलामागे पोलीस बसला आहे ही भीती न्यायालयाला पुसता येत नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी पेद्रो सामोरा वारला. आठव्या वर्षी क्युबातून बोटीने आलेला, सतराव्या वर्षी लागण कळलेला हा पोरगा शाळाशाळांतून, अमेरिकन काँग्रेसपुढे आणि अखेरीस दूरचित्रवाणीवर आपण समलिंगी आहोत, आपल्याला एड्स आहे, हे उजळ माथ्याने सांगत होता. वय अवघे बावीस.

दार उघडले ते आतल्या माणसांनी. लॉस एंजेलिसमध्ये १९८१ साली समलिंगी लॅटिनो स्त्रीपुरुषांची संघटना निघाली होती. तिच्यातूनच १९८९ मध्ये 'बिएनेस्तार' ही आरोग्यसंस्था जन्मली. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ क्षेमकुशल. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीत 'प्रोयेक्तो कोन्त्रासिदा पोर विदा' निघाले. एड्सच्या विरुद्ध आणि जगण्यासाठी, असे ते नाव. तिथे माणसाला आधी रोगी म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून बोलावत. वर्ग चालत, फुटबॉलचा संघ होता, आणि त्या ओघातच तपासणीचे बोलणे निघे. दवाखाना बदलला तेव्हा माणसे आली.

मानसशास्त्रज्ञ राफाएल दियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मायामी व लॉस एंजेलिस येथील ९१२ लॅटिनो समलिंगी पुरुषांशी बोलून २००१ साली निष्कर्ष मांडला. समलिंगी म्हणून झालेली हेटाळणी, वर्णद्वेष आणि गरिबी यांतून एकटेपण व मनाचा कोंडमारा येतो, आणि तोच माणसाला धोक्याकडे ढकलतो. वस्तीला ठाऊक असलेले सत्य आता शास्त्राच्या भाषेत आले.

१९९६ पासून प्रभावी औषधोपचार आला. २०१२ मध्ये लागण टाळणाऱ्या गोळीला मान्यता मिळाली. तरी २०१६ साली रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज होता, की तेव्हाचीच गती राहिली तर आयुष्यात कधीतरी लागण होईल ती गोऱ्या समलिंगी पुरुषांत अकरांतील एकाला, लॅटिनोंत चारांतील एकाला आणि काळ्यांत दोघांतील एकाला. गोळी तीच, विषाणूही तोच. मग हा फरक कुठून येतो?

तो उंबरठ्यातून येतो. ज्यांना 'पोहोचायला अवघड' म्हणून अहवालांत नोंदले जाते, त्यांच्यापर्यंत गरिबी, पोलीस आणि अपमान बिनचूक पोहोचतात. अवघड ती माणसे नाहीत. अवघड तो उंबरठा आहे, आणि तो तोडण्याचे काम रोग्याचे नव्हे, दवाखान्याचे आहे.