अमेरिकेतील यादवी युद्ध आणि वऱ्हाडचा कापूस : युद्धकाळ व युद्धोत्तर काळातील सर्वसामान्यांचे जीवन (१८६१-१९००)

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास प्रामुख्याने रणांगण, सेनापती आणि तह यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. ज्या प्रदेशात युद्धाची एकही गोळी झाडली गेली नाही, त्या प्रदेशातील सामान्य माणसाच्या जीवनावरही युद्धाचे दूरगामी परिणाम होऊ शकतात, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत झालेले यादवी युद्ध आणि वऱ्हाड प्रांत यांचा संबंध हे याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि त्याचे पडसाद अमरावती, अकोला व खामगावच्या बाजारांत उमटले. युद्ध चार वर्षांत संपले. परंतु त्याने वऱ्हाडच्या ग्रामीण जीवनात घडवून आणलेले बदल पुढील अनेक पिढ्यांना भोगावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या बदलांचा आढावा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाडच्या कापूस व्यवहारात झालेल्या बदलांचा अभ्यास करणे.
२) शेतकरी, विणकर, वाहतूकदार व शेतमजूर या घटकांवरील परिणाम स्वतंत्रपणे तपासणे.
३) युद्धोत्तर काळातील मंदी, कर्ज व दुष्काळ यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटिअर, जनगणना व या विषयावरील संशोधनपर ग्रंथ या साधनांचा आधार घेतला आहे. १९०५ पर्यंत खामगाव हे अकोला जिल्ह्यात समाविष्ट होते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

युद्धपूर्व वऱ्हाड

१८५३ च्या तहान्वये निजामाने हैदराबाद कंटिन्जंटच्या खर्चापोटी वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात दिला. वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीत कापूस पूर्वीपासून पिकत होता. तथापि तो ज्वारीच्या जोडीने घेतले जाणारे पीक होता. घरोघरी रेच्यावर सरकी काढून रुई तयार होई, गावातील स्त्रिया सूत कातीत आणि कोष्टी-साळी त्याचे कापड विणीत. उरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून सुमारे ५०० मैलांवरील गंगाकाठच्या मिर्झापूरकडे नेला जाई. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने अमरावतीहून कापसाचे १ लाख बैल-बोजे कलकत्त्याकडे रवाना केल्याचे इम्पिरिअल गॅझेटिअर नमूद करते. म्हणजेच युद्धापूर्वीही येथे कापसाचा मोठा व्यापार होता. मात्र गावाची गरज भागवून उरलेला कापूस बाहेर जात असे, हे या व्यापाराचे वैशिष्ट्य होते.

युद्धकाळातील तेजी

युद्धापूर्वी इंग्लंडच्या एकूण कापूस आयातीपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येत असे व तो गुलामांच्या श्रमावर पिकविलेला होता. १८६० मध्ये तेथे सुमारे ४० लाख लोक गुलामगिरीत होते. एप्रिल १८६१ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल आटला. लिव्हरपूल येथे युद्धापूर्वी पौंडाला ६ ते ७ पेन्स असलेला अमेरिकन कापसाचा भाव १८६४ मध्ये २७ पेन्सच्या आसपास पोहोचला. साहजिकच हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व मागणी आली.

वऱ्हाडात या तेजीचे स्वागत झाले. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या आणि नांगराला चांदीचे फाळ लावल्याच्या कथा इंग्रजी लेखनात आढळतात. मात्र या कथांवरून सर्व समाजाच्या समृद्धीचा निष्कर्ष काढणे उचित ठरणार नाही. ज्याच्याकडे स्वतःची जमीन व बैल होते आणि माल रोखून धरण्याची ऐपत होती, त्यालाच तेजीचा पुरेपूर लाभ घेता आला. ज्याने पेरणीसाठी सावकाराकडून उचल घेतली होती, त्याचा कापूस बहुधा उभ्या पिकातच बांधला गेलेला असे. शेतमजुराला मजुरी वाढून मिळाली, तरी धान्याचेही भाव चढल्यामुळे तिचा मोठा भाग बाजारातच खर्च झाला.

रेल्वेचा कालक्रमही येथे बोलका आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये. म्हणजे तेजीच्या ऐन काळात वऱ्हाडचा कापूस मुख्यतः बैलगाड्यांनीच पश्चिमेकडे जात होता. रेल्वेची पूर्ण सोय झाली तेव्हा तेजी ओसरली होती.

युद्धसमाप्ती आणि मंदी

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली व भाव वेगाने कोसळले. मुंबईत कापसाच्या पैशावर उभा राहिलेला शेअर बाजाराचा फुगा १ जुलै १८६५ रोजी फुटला. बॅक बे कंपनीच्या भागांची किंमत मातीमोल झाली, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्य अडचणीत आले आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. मुंबईच्या या पडझडीची नोंद इतिहासात सविस्तर झाली आहे. परंतु मुंबईच्या पेढ्यांकडून अडत्याला, अडत्याकडून सावकाराला आणि सावकाराकडून शेतकऱ्याला मिळणारी पतपुरवठ्याची साखळी आखडल्यावर तिच्या शेवटच्या टोकावरील कुळाचे काय झाले, ही नोंद त्यामानाने अल्प आहे.

भाव उतरले तरी वऱ्हाडातील कापसाची लागवड पूर्वपदावर गेली नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. याची कारणे युद्धानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत आढळतात. १८६६ मध्ये हॅरी रिव्हेट-कार्नाक यांची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब-खामगाव शाखेचे उद्घाटन झाले, तर १८७१ मध्ये बडनेरा-अमरावती शाखा सुरू झाली. १८७० मध्येच समुद्री तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचे भाव येथील बाजारात पोहोचू लागले. व्होल्कार्ट, राली यांसारख्या युरोपीय कंपन्यांनी कापूस व्यापारात जम बसविला. मुंबई पद्धतीच्या रयतवारी जमाबंदीने शेतकऱ्याला जमिनीवर हक्क दिला. मात्र तो हक्क गहाण टाकता व विकताही येत असल्याने जमीन हेच कर्जाचे तारण बनले. सारा रोखीत, कर्जाची परतफेड रोखीत आणि रोख देणारे पीक कापूस, अशा स्थितीत भाव उतरल्यावरही शेतकऱ्याला कापूसच पेरणे भाग पडले.

विविध समाजघटकांवरील परिणाम

*विणकर :* युद्धकाळात कापूस महागल्याने कोष्ट्यांना सूत परवडेनासे झाले. युद्धानंतर कापूस स्वस्त झाला, परंतु त्याच रेल्वेने मँचेस्टरचे कापड गावोगावी आणले. विलायती कापडाच्या प्रसाराने विणकर शेतमजुरीकडे वळतील व कापसाच्या लागवडीस हात मिळतील, अशी अपेक्षा रिव्हेट-कार्नाक यांनी व्यक्त केली होती. विणकरांचा ऱ्हास हा केवळ अनाहूत परिणाम नव्हता, तर त्याला प्रशासनाची अनुकूलताही होती, हे यावरून स्पष्ट होते.

*वाहतूकदार :* बंजारा समाजाचे तांडे पिढ्यानपिढ्या कापूस, धान्य व मीठ वाहून नेत. मिर्झापूरचा मार्ग बंद झाला व रेल्वे आली, तेव्हा त्यांच्या उपजीविकेचा आधारच नाहीसा झाला. चराऊ जमिनी लागवडीखाली आल्याने त्यांच्या गुरांच्या चाऱ्याचाही प्रश्न निर्माण झाला.

*स्त्रिया व शेतमजूर :* सूत कातण्याचे घरगुती काम संपुष्टात आले. सरकी काढण्याचे काम कालांतराने जिनिंग कारखान्यांत गेले. कापूस वेचणीचे काम स्त्रियांकडे कायम राहिले. मात्र ते हंगामी व मजुरीचे होते.

*पिकांची जात :* लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसाऐवजी अधिक उतारा देणारा, आखूड धाग्याचा ‘जरी’ कापूस हळूहळू सर्वत्र पसरला. गुणवत्तेसाठी अधिक भाव हाती पडत नसेल, तर शेतकऱ्याने वजन पाहावे हे स्वाभाविक होते.

कर्ज आणि दुष्काळ

तेजीनंतरच्या कर्जबाजारीपणाने पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ मध्ये उठावाचे रूप घेतले. सुपे येथून सुरू झालेल्या या दंग्यांत सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळण्यात आले. त्याची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी संरक्षण कायदा संमत झाला. हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाडात असा उठाव झाला नाही, त्यामुळे येथील कर्जाची तशी दखलही घेतली गेली नाही. येथील प्रशासनाचे लक्ष बाजाराच्या नियमनाकडे अधिक होते. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित बाजार स्थापन झाला व १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. या तरतुदी उपयुक्त होत्या. परंतु त्या माल विकण्याच्या क्षणापुरत्या होत्या. पेरणीपासून विक्रीपर्यंतच्या कर्जाला त्यांचा स्पर्श होत नव्हता.

या व्यवस्थेची खरी कसोटी १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत लागली. पूर्वी चांगल्या वर्षाची ज्वारी पेवात साठवून वाईट वर्ष काढले जाई. कापसाचे क्षेत्र वाढले तशी ही तरतूद दुबळी झाली. रेल्वेमुळे बाहेरून धान्य आणणे शक्य होते. परंतु काम व पीक दोन्ही गमावलेल्या मजुराजवळ ते विकत घेण्यास पैसा नव्हता. चाऱ्याअभावी गुरे मेली. १८९१ च्या जनगणनेत २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये २७,५४,०१६ झाली, म्हणजे ती सुमारे १ लाख ४३ हजारांनी घटली. सुपीक व संपन्न समजल्या जाणाऱ्या प्रांतात हे घडले, ही बाब चिंतनीय आहे. लक्ष्मण सत्या यांनी आपल्या ग्रंथात कापूस व दुष्काळ यांच्या याच संबंधाची मांडणी केली आहे.

अमेरिकेतील समांतर अनुभव

येथे अमेरिकेच्या दक्षिणेकडील युद्धोत्तर स्थितीची तुलना उद्बोधक ठरते. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. परंतु मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. ते बटाईने शेती करू लागले. बी-बियाणे व धान्य दुकानदाराकडून उधारीवर घ्यायचे आणि त्या बदल्यात येणारा कापूस तारण ठेवायचा, ही तेथील रीत झाली. दुकानदार कापसावरच उधार देत असल्याने धान्याऐवजी कापूसच पेरावा लागे. वऱ्हाडातील शेतकरी गुलाम नव्हता आणि दोहोंचा सामाजिक इतिहास भिन्न आहे. वंशभेदाची तेथील दाहकता येथे लागू करता येणार नाही. तथापि कर्जामार्फत पिकाची निवड ठरविणारी यंत्रणा दोन्हीकडे सारखी होती. सत्तरच्या दशकाअखेर अमेरिकन कापसाने इंग्लंडची बाजारपेठ पुन्हा काबीज केली, तेव्हा हे दोन कर्जबाजारी उत्पादक एकाच बाजारात एकमेकांचे स्पर्धक झाले होते.

निष्कर्ष

१) यादवी युद्धाने वऱ्हाडात कापसाचे पीक आणले नाही, त्याने कापसाचा गावाशी असलेला संबंध बदलला.
२) तेजी अल्पकालीन होती व तिचा लाभ मर्यादित वर्गाला झाला, तेजीच्या अपेक्षेने उभारलेली रेल्वे, बाजार व पतव्यवस्था मात्र कायम राहिली.
३) विणकर, बंजारा व भूमिहीन मजूर यांच्यासाठी युद्धोत्तर काळ हा युद्धकाळापेक्षा अधिक निर्णायक ठरला.
४) बाजारपेठेचे नियमन झाले, परंतु भाव कोसळण्याचा धोका शेतकऱ्याच्याच माथी राहिला.

हा चौथा निष्कर्ष केवळ भूतकाळापुरता नाही. १९७० च्या दशकात सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हा धोका शासनाने वाटून घेण्याचा प्रयत्न होता. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, तेव्हाही चर्चा प्रामुख्याने कर्ज व व्याज यांभोवतीच झाली. दूरच्या बाजारात ठरणाऱ्या भावाची जोखीम कोणी वाहावी, हा १८६५ मध्ये वऱ्हाडसमोर उभा राहिलेला प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना या प्रांताचा स्वतःचा अनुभव अभ्यासकांनी व धोरणकर्त्यांनी विचारात घ्यावा, एवढीच अपेक्षा.