पोलिसांचे बिनतारी संच बहिरे का झाले?

रेडिओवरून पाठवलेला संदेश ऐकू आला नाही, की आपण साधारणपणे दोन कारणे गृहीत धरतो. एक तर प्रेषकाची शक्ती कमी पडली असेल, किंवा मध्ये डोंगर वा इमारत आडवी आली असेल. तिसरे कारण सहसा आपल्या ध्यानात येत नाही. संदेश ग्राही संचापर्यंत पोचलेला असतो, पण त्याच वेळी दुसऱ्याच कोणाच्या जोरदार लहरींमुळे तो संच बधिर झालेला असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील पोलीस व अग्निशामक दलांना हा अनुभव आला. त्यात कोणीही नियम मोडलेला नव्हता, म्हणून ही हकिकत मुळापासून पाहण्यासारखी आहे.

पोलिसांच्या मोटारींना रेडिओवरून सूचना देण्याचे प्रयोग डेट्रॉइट शहरात १९२१ पासून चालू होते. पोलिसांसाठी वेगळी कंप्रता राखून ठेवावी ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. त्यामुळे तेथील केंद्राला काही काळ मनोरंजन केंद्राचा परवाना घ्यावा लागला आणि सूचनांच्या मधल्या वेळात संगीतही ऐकवावे लागले. १९२८ च्या एप्रिलमध्ये नियमित सेवा सुरू झाली. पण मोटारीतल्या शिपायाला फक्त ऐकता येई, उत्तर देण्यासाठी टेलिफोन गाठावा लागे. दुतर्फा संभाषणाची सोय न्यू जर्सीतील बेयोन येथे १९३३ मध्ये झाली. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅनियल नोबल यांनी एफ. एम. पद्धतीची यंत्रणा उभारली. मोटारीच्या ठिणग्यांमुळे होणारी खरखर या पद्धतीत खूपच कमी ऐकू येते.

या साऱ्या यंत्रणांची रचना एकाच विचारावर आधारलेली होती: एक उंच मनोरा आणि त्यावर शक्तिमान प्रेषक. पृथ्वीच्या गोलाईमुळे रेडिओलहरींना क्षितिज असते. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१ ने गुणले, की ते क्षितिज साधारण किती किलोमीटरवर आहे हे कळते. १०० मीटर उंचीच्या मनोऱ्यासाठी हे अंतर ४१ किलोमीटर येते. म्हणजे थोड्याच मनोऱ्यांत सबंध परगणा व्यापता येतो आणि खर्चही बेताचा होतो.

१९७४ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा फिरत्या बिनतारी संचांसाठी खुला केला. पोलीस, अग्निशामक दले, कारखाने, टॅक्सी कंपन्या अशा सर्वांना त्यात वाहिन्या मिळाल्या. एकाची वाहिनी संपली की लगेच दुसऱ्याची सुरू, अशी ही वाटणी होती. सर्वांचे मनोरे सारखेच उंच आणि विरळ असल्यामुळे हा शेजार पुष्कळ वर्षे निभावला.

पुढे नेक्स्टेल या कंपनीने छोट्या व्यावसायिकांचे परवाने विकत घेतले आणि १९९० च्या दशकात त्याच वाहिन्यांवर भ्रमणध्वनीची सेवा सुरू केली. या सेवेची रचना नेमकी उलट होती. ठिकठिकाणी, बुटक्या इमारतींवर, रस्त्यालगत अनेक केंद्रे, आणि प्रत्येकाचे क्षेत्र लहान.

आता एक हिशेब करू. पोलिसांचा मनोरा शिपायापासून २० किलोमीटरवर आहे आणि भ्रमणध्वनीचे केंद्र २०० मीटरवर. दोघांची शक्ती सारखी धरली तरी अंतरात शंभरपट फरक आहे. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाच्या नियमाने जवळच्या केंद्राच्या लहरी १०,००० पट तीव्र होतील. मधल्या इमारती विचारात घेतल्या, तर प्रत्यक्ष शहरात हा फरक आणखी वाढतो. वर्गात सर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येईल असे बोलत असावेत आणि खिडकीशी ताशा सुरू व्हावा, तसाच हा प्रकार. सरांचा आवाज कमी झालेला नसतो. आपले कान भरून गेलेले असतात.

पण वाहिन्या तर वेगवेगळ्या होत्या, मग हे झाले कसे? ग्राही संचातील पहिली गाळणी एकच वाहिनी निवडत नाही, ती सबंध पट्टा आत घेते. दोन जोरदार लहरी एकदम आत आल्या, की प्रवर्धकाच्या मंडलात त्यांचे मिश्रण होऊन नव्याच कंप्रता जन्मतात. उदाहरणार्थ, ८६२ व ८६४ मेगाहर्ट्झच्या लहरी आल्या, तर ८६४ च्या दुपटीतून ८६२ वजा करून ८६६ ही कंप्रता तयार होते. ८६६ ते ८६९ हा भाग त्या काळी सार्वजनिक सुरक्षेसाठी राखीव होता. म्हणजे हवेत नसलेला व्यत्यय पोलिसाच्या हातातील संचातच निर्माण होत होता.

मेरीलँडमधील ॲन अरुंडेल परगण्यासह अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या. भ्रमणध्वनीची केंद्रे गजबजलेल्या वस्तीत दाट असतात, म्हणून मदतीची गरज जिथे अधिक तिथेच पोलिसांचे संच बहिरे होत होते. व्याप्तीच्या नकाशावर मात्र त्या जागी भरपूर लहरी पोचत असल्याचे दिसे, कारण नकाशा काढताना फक्त स्वतःचा मनोरा मोजला होता, शेजाऱ्याचा नाही.

एकेका केंद्राची कंप्रता बदलून किंवा शक्ती घटवून तात्पुरता आराम मिळे. कायमच्या उपायासाठी पट्ट्याची वाटणीच बदलायला हवी होती. कमिशनने जुलै २००४ मध्ये तसे ठरवले. सुरक्षा दलांनी खालच्या भागात यायचे, नेक्स्टेलने ८६२ च्या वर जायचे आणि मध्ये थोडी मोकळी जागा राखायची. अंतर पडले म्हणजे गाळणीला काम करायला वाव मिळतो. स्थलांतराचा खर्च नेक्स्टेलने सोसायचा आणि त्या बदल्यात तिला १९०० मेगाहर्ट्झच्या सुमारास जागा मिळायची, असा व्यवहार झाला. जून २००५ पासून ३६ महिन्यांत काम संपायचे होते. पण दोन हजारांहून अधिक परवानाधारकांचे संच एकेक करून नव्या कंप्रतेवर आणायचे होते, शिवाय कॅनडा व मेक्सिको यांच्याशी सीमाभागाबद्दल करार करायचे होते. हे काम अधिकृतपणे संपायला २०२१ साल उजाडले. तोपर्यंत नेक्स्टेलची ती मूळची सेवाही, २०१३ मध्ये, बंद झालेली होती.

विद्यार्थ्यांना रेडिओलहरी शिकवताना आपण प्रेषक, शक्ती आणि अंतर यांवर थांबतो. त्यांच्याकडून वरचा हिशेब अवश्य करून घ्यावा. २० किलोमीटरऐवजी ५ किलोमीटरवर दुसरा मनोरा बांधला तर ते गुणोत्तर किती होईल, हेही त्यांना काढू द्यावे. उत्तर ६२५ येते. त्रास कमी होतो, पण संपत नाही, आणि असे किती मनोरे बांधायचे हा प्रश्न उरतोच. कागदावरच्या वाटणीतली चूक यंत्रांनी भरून काढणे इतके महाग का पडते, ते या एका आकड्यावरून त्यांना समजेल.