गिरणगावच्या खाणावळी आणि आपला गाळा

आपल्या गटांचा माल आता मुंबईला जाऊ लागलाय. महालक्ष्मी सरस प्रदर्शन तुम्हाला ठाऊक आहेच. २०१६ साली संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले. शिवाय लोअर परळसारख्या भागात उंच इमारतींखाली शनिवार-रविवार खाण्याचे बाजार भरतात. अशा एका बाजारात आमच्या तीन गटांनी दोन दिवस गाळा घेतला. थालीपीठ तडाखेबंद खपलं, पण गाळ्याचं आणि गाडीचं भाडं वजा जाता जेमतेम मजुरी सुटली. त्यानंतर आम्ही या जागेचा इतिहास वाचायला घेतला. कारण याच परळमध्ये, याच भाकरीवर, शंभर वर्षं बायकांनी संसार चालवले होते.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. मग परळ, लालबाग, वरळी, भायखळा असं सगळं गिरणगाव उभं राहिलं. कामगार आले आपल्याच भागातून, कोकणातून आणि घाटावरून. आपल्या गावांत असं घर क्वचितच सापडेल, जिथं कुणाचा आजा, पणजा गिरणीत नव्हता. बायका-पोरं गावाकडे आणि गडी चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर. पाळ्या बदलायच्या, तशी झोपायची जागाही बदलायची. मग यांना जेवायला कोण घालणार?

खाणावळवाली. तीही आपल्यासारखीच गावाकडची. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा गेलेला, कुणाला पगार पुरत नाही. भोंगा व्हायच्या आधी उठून स्टोव्हवर भाकऱ्या थापायच्या, पाळीप्रमाणे पंगती वाढायच्या. पैसे मात्र पगार झाल्यावर, महिन्यातून एकदा. तोवर धान्य वाण्याकडून उधार, आणि उधारीवर व्याज. प्रसंगी अंगावरचं डोरलंसुद्धा गहाण पडायचं. महिनाभर राबून नफा वाण्याच्या घरात. (हा हिशेब ऐकून आपल्यातल्या कितीतरी जणी माना डोलावतील.)

१९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गरिबाला कर्ज द्यायचं धोरण आलं. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी ते नेमकं पकडलं. १९७५ साली १४ खाणावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. एकीला तारण नव्हतं, पण सगळ्या एकमेकींना जामीन राहिल्या. बचत गट हा शब्द आपल्या गावात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. व्याजाचा फास सुटला. पुढे मंडळाने मोठ्या ऑर्डरीही घ्यायला सुरुवात केली.

आणि मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गडी गावाला परतले, पंगती रिकाम्या झाल्या, उधारी बुडाली. बाईच्या हाताची चव काही बदलली नव्हती. गिऱ्हाइकाचा पगारच संपला होता.

यापुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. कापडापेक्षा गिरण्यांच्या जमिनीला भाव आला. सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या मधोमध! १९९१ च्या नियमात तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे करायचे, बांधकामाखालची जमीन हिशेबातून बाहेर. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. लोकांचा वाटा आटला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कचेऱ्या आल्या, टॉवर आले. नव्या रहिवाशांनाही भूक लागतेच आणि त्यांना गावरान चवही हवी असते. पण वाढायची जागा आता चाळीतली खोली नाही, चौरस फुटाच्या भावाची आहे.

त्यामुळे आमचं मत असं झालंय की शहरातला गाळा घेताना मालाच्या आधी जागेचं बोलावं. भाडं दिवसाचं की विक्रीवर टक्केवारी? पुढच्या खेपेला तोच गाळा मिळेल का? पैसे त्याच दिवशी की महिन्याने? हे कागदावर घ्यावं. आणि दोन-तीन सोसायट्यांकडून आगाऊ ऑर्डरी मिळत असतील, तर गाळ्याशिवायही माल जातो. आमचे गट दिवाळीच्या फराळाला तेच करून बघणार आहेत.

एक काम तुमच्याकडेही आहे. तुमच्या गावातली कुणाची आजी, आत्या किंवा चुलती मुंबईत खाणावळ चालवत होती का, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. किती गडी जेवायचे, महिन्याला काय घ्यायची, संपात तिने काय केलं, हे लिहून पुढच्या बैठकीला आणा.