थंडाव्याची वाट: चाकांवरच्या घरात गार हवा कशी पोहोचली?

१/१४
नोव्हेंबर १९३९. शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने एक नवलाची गाडी मांडली. कारखान्यातूनच वातानुकूलन यंत्र बसवून मिळणारी ही पहिली मोटार होती. मात्र गारवा नकोसा झाला, तर चालकाला गाडी थांबवून, इंजिन बंद करून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा हाताने उतरवावा लागे.

२/१४
दुसरी अडचण याहून मूलभूत होती. हवा गार करणारी कॉइल मागच्या आसनापाठीमागे बसवलेली होती. गार झोत तेथूनच आत येई, आणि चालकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याला सगळी गाडी ओलांडावी लागे. थंडावा निर्माण करणे हा एक प्रश्न आणि तो माणसापर्यंत नेणे हा दुसरा. चालत्या वाहनाच्या वातानुकूलनाचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

३/१४
हा प्रश्न यंत्राहून जुना आहे. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. कोरडा वारा ओल्या वाळ्यातून जाताना पाण्याची वाफ होई आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाई. पण वारा पडला की पडदा कितीही ओला असला तरी खोली तापतच राही.

४/१४
रेल्वेने हा धडा लवकर घेतला. १९२८ मध्ये मुंबई ते पेशावर धावू लागलेल्या ‘फ्रंटियर मेल’ला १९३४ मध्ये वातानुकूलित डबा जोडण्यात आला. त्यात आजच्यासारखे शीतयंत्र नव्हते. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवीत, वाटेतील ठरावीक स्थानकांवर त्या पुन्हा भरीत आणि बॅटरीवर चालणारा पंखा गार झालेली हवा डब्यात ढकली.

५/१४
हा गारवा अर्थातच वरच्या वर्गाच्या तिकिटाबरोबर मिळे. त्याच गाडीतील तिसऱ्या वर्गाच्या उताऱ्यांच्या वाट्याला खिडकीतून येणारी झळच होती. थंडावा कोणापर्यंत पोहोचावा, हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा कधीच नव्हता.

६/१४
अमेरिकेत १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता आवरणारी यंत्रणा आखली होती. ती इमारतीच्या आकाराची होती. चाकांवर चढण्याइतके यंत्र आटोपशीर होण्यास पुढे बराच काळ गेला. १९३० मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने ‘मार्था वॉशिंग्टन’ या भोजनाच्या डब्यात यांत्रिक वातानुकूलन बसवले.

७/१४
याच दशकात चाकांवरचे घर आकाराला येत होते. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने ‘क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर १,२०० डॉलरला बाजारात आणला. विमानासारखी गुळगुळीत काया, विजेचे दिवे, स्वतःचा पाणीसाठा, उष्णतारोधक भिंती आणि शिवाय कोरड्या बर्फावर चालणारी थंडाव्याची सोय!

८/१४
कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तो पाणी न होता थेट वायुरूप होतो. ओल नाही, गळती नाही; पण बंद खोलीत साचला तर हाच वायू श्वास कोंडतो. म्हणून अशा घरात बाहेरची हवा आत येणे आणि आतली बाहेर जाणे हा सुखसोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न ठरतो.

९/१४
नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटी रस्त्यांवर वेगळा उपाय चालला. मोटारीच्या खिडकीला बाहेरून एक नळकांडे टांगत. गाडीच्या वेगाने त्यात शिरणारी हवा ओल्या थरातून जाऊन गार होई. तत्त्व वाळ्याच्या पडद्याचेच, मर्यादाही तीच. गाडी थांबली की वारा थांबे आणि वाऱ्याबरोबर गारवाही.

१०/१४
महायुद्धानंतर मोटारींनी पॅकार्डचा दोष दूर करण्यास आरंभ केला. १९५३ च्या कॅडिलॅक गाड्यांत यंत्र मागे सामानाच्या कप्प्यातच होते, पण पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या तेथून छतापर्यंत नेल्या होत्या आणि हवा वरून सोडली जाई. १९५४ मध्ये नॅश कंपनीने गरम हवा, गार हवा आणि वायुवीजन यांची एकत्रित यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. समोरून येणारा झोत पुढे सर्वत्र रूढ झाला.

११/१४
मोटारहोमला मात्र हा उपाय पुरेना. मोटारीचे यंत्र इंजिनावर चालते आणि चाकांवरच्या घरात गारव्याची खरी गरज मुक्कामी, इंजिन बंद असताना असते. म्हणून विजेवर चालणारे स्वतंत्र यंत्र हवे होते. भिंतींवर कपाटे, खाली टाक्या. मोकळे होते ते छत. तेथे हवा खेळण्यासाठी सुमारे १४ इंचांचा चौकोनी झरोका असेच. यंत्र त्याच भोकावर बसले आणि ते माप आजही टिकून आहे.

१२/१४
१९६६ मध्ये विनेबेगो कंपनीने आयोवा राज्यातील आपल्या कारखान्यात तुलनेने स्वस्त मोटारहोम तयार करण्यास सुरुवात केली आणि हे घर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. घरे लांबली, तसा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. यंत्राखाली बसलेला कुडकुडे, तर टोकाच्या शयनकक्षात झोपलेला घामाघूम होई. त्यावर छताच्या जाडीतून डक्ट खेळवून जागोजागी झरोके काढण्यात आले.

१३/१४
येथेच एक सूक्ष्म शत्रू दडलेला असतो. आतली उबदार हवा खेचणारा मार्ग आणि गार हवा सोडणारा मार्ग एकाच चौकोनी भोकात, शेजारी शेजारी असतात. मधल्या पडद्याला फट राहिली, तर गार हवा खोलीत न जाता तेथूनच माघारी ओढली जाते. आधीच गार असलेली हवा पुन्हा पुन्हा फिरून कॉइल अतिथंड होते, तिच्यावर बर्फ चढतो आणि उरलासुरला झोतही अडतो. यंत्र धडधडत राहते, वीज जळते, घर मात्र तापलेलेच. अशा वेळी अधिक शक्तीचे यंत्र व्यर्थ ठरते. फटी ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बुजवणे, डक्टची तीव्र वळणे सौम्य करणे, गाळणी स्वच्छ ठेवणे, एवढ्यानेच पुष्कळदा दूरच्या झरोक्यातून वारा वाहू लागतो.

१४/१४
पट्टा उतरवणारा पॅकार्डचा चालक आणि छताची जाळी उघडून फट शोधणारा आजचा मोटारहोमवाला, दोघांकडे थंडावा होता. उणीव होती ती त्याला वळण लावण्याची. ‘फ्रंटियर मेल’च्या तळाशी लाद्या रचणाऱ्या हमालाच्या श्रमांनाही वरच्या पंख्यामुळेच अर्थ होता. तो पंखा नसता, तर मुंबईहून निघालेला बर्फ डब्याखालीच वितळून रुळांवर ठिबकला असता आणि वर बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागला नसता.