सीरियाची लेबनॉनमधून माघार

सीरियन लष्कराची अखेरची तुकडी २६ एप्रिल २००५ रोजी सीमा ओलांडून मायदेशी परतली आणि लेबनॉनमधील २९ वर्षांचा तळ उठला. बेका खोऱ्यातील रयाक हवाई तळावर त्या दिवशी निरोपाचे संचलनही झाले. १९७६ मध्ये यादवी युद्ध थोपवण्याच्या नावाखाली हे सैन्य आले. अरब लीगने त्याच वर्षी त्याला अरब प्रतिबंधक दलाचे अधिष्ठान दिले. युद्ध १९९० मध्ये संपले, सैन्य मात्र राहिले. आदल्या वर्षीच्या तैफ करारातील बेका खोऱ्याकडे सरकण्याची तरतूद बव्हंशी कागदावरच राहिली. खरे पाहता दमास्कसची सत्ता रणगाड्यांपेक्षा अंजर गावातील गुप्तचर मुख्यालयातून अधिक चाले.

सप्टेंबर २००४ मध्ये परकीय फौजांनी निघून जावे, असे सुरक्षा परिषदेने ठराव १५५९ द्वारे बजावले. दुसऱ्याच दिवशी लेबनॉनच्या संसदेने सीरियाच्या आग्रहाखातर अध्यक्ष एमिल लाहूद यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली! १४ फेब्रुवारी २००५ रोजी माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची बैरुतमध्ये स्फोटात हत्या झाली, तेव्हा संतापाला तोंड फुटले. ५ मार्चला बशर अल असद यांनी माघार जाहीर केली. ८ मार्चला हिजबुल्लाने सीरियाचे आभार मानणारा प्रचंड मेळावा घेतला, तर १४ मार्चला विरोधकांच्या लाखोंच्या गर्दीने हुतात्मा चौक भरून गेला. सुमारे १४ हजार सैनिक परतले. उभय देशांत राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, तेही प्रथमच, २००८ मध्ये.