जित्याची खोड

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण ज्याने आयुष्यात एकदाही ऐकून घेतली नाही, असा मराठी माणूस विरळाच. बशीत चहा ओतून पिणाऱ्या आजोबांपासून नखे कुरतडणाऱ्या नातवापर्यंत घरातील साऱ्यांना ती सारखीच लागू पडते. पण ही म्हण खरी आहे काय? आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासात या प्रश्नाचे दोन साक्षीदार आहेत. एक म्हणीच्या बाजूने बोलतो, दुसरा तिच्या विरुद्ध.

पहिला साक्षीदार म्हणजे गावाचे नाव. निजामी अमलात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले. १९४८ साली संस्थान गेले, १९६० साली महाराष्ट्र राज्य आले. पण पाट्यांवर, शिक्क्यांवर आणि दाखल्यांवर तेच नाव राहिले. तरीही माजघरात, बाजारात आणि बांधावर जुन्या माणसांच्या तोंडी ‘धाराशिव’ टिकून राहिले. पुढे २०२३ साली सरकारदरबारीही नाव बदलले, आणि मौज अशी की जन्मभर अर्जावर ‘उस्मानाबाद’ लिहिलेल्यांचे हात आता जुन्याच वळणाने जाऊ लागले! कागदाची सवय कागदावर राहिली, घराची घरात.

शास्त्रज्ञ याच गोष्टीचा मागोवा शंभराहून अधिक वर्षे घेत आले आहेत. विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने १८९० साली आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. माळावरून पुन्हापुन्हा चालल्याने पाऊलवाट पडावी, तशी मज्जातंतूंत वाट पडते, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढे ॲन ग्रेबियल या विदुषीने उंदरांना चक्रव्यूहात सोडून त्यांच्या मेंदूतील हालचाली टिपल्या. वाट नवी असताना मेंदूचा तो भाग सर्व वाटभर जागा असे. वाट अंगवळणी पडल्यावर तो आरंभी आणि शेवटी तेवढा चाळवे. मधला प्रवास जणू आपोआप होई.

पण याहून गमतीचा प्रयोग चित्रपटगृहातला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. प्रेक्षकांपैकी काहींना ताज्या आणि काहींना आठवडाभराच्या शिळ्या मक्याच्या लाह्या दिल्या. ज्यांना तेथे लाह्या खाण्याची सवय होती, त्यांनी शिळ्याही ताज्याइतक्याच संपवल्या. चवीला कोणी विचारलेच नाही! तशाच माणसांना साध्या खोलीत बसवले, किंवा उजव्याऐवजी डाव्या हाताने खायला लावले, तेव्हा मात्र शिळे ते शिळे लागले. अशा संशोधनातून एक सूत्र निघाले, ते असे की सवय जितकी माणसात असते, तितकीच ती त्याच्या भोवतीच्या जागेत असते.

आता दुसरा साक्षीदार. त्याची कथा सांगताना जीव जड होतो.

आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राही. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून वर पुन्हा माती घालायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आजोबांनी घातली, बापाने घातली, मुलाने घातली. थरावर थर चढत गेला. रीत शहाणपणाची होती, म्हणूनच डोक्यावर किती भार साठला, हे पाहण्याची कोणाला गरज वाटली नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आमच्याकडील सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या जगाला कळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. बहुतेकांचा घात धरणीकंपापेक्षा त्या भिंतींनी आणि त्या माळवदांनी केला.

दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. रुंद सरळ रस्ते, ओळीने घरे, भोवती मोकळी जागा. घरे भक्कम होती, यात शंका नाही. पण जुन्या वाड्याला बाहेरून बंद भिंत आणि आत चौक असे. बायकांची निवडणे-टिपणे त्या आडोशाला चाले. अरुंद बोळात समोरच्या ओट्यावरून हाक दिली की शेजारीण येई. नव्या गावात अंतरे वाढली, ओटा नाही, आडोसा नाही. हाक मारण्याची सवय कोणी सोडली नव्हती. हाक पोचत नव्हती. पुढे वर्षे लोटली तसतशी माणसांनी स्वतःच आवारभिंती घातल्या, पडव्या काढल्या, झाडे लावली. आपल्या सवयींना राहायला त्यांनी घर बांधले, असेच म्हणायचे.

तेव्हा म्हण अर्धीच खरी. खोड जाण्यासाठी मरावे लागत नाही; उंबरा बदलला तरी ती डळमळते. विद्यापीठ बदलून गेलेल्या विद्यार्थ्यांत असेच आढळले. जुनी जागा सुटली तशा जुन्या सवयीही सुटल्या आणि मनातल्या निश्चयाला वाव मिळाला. मात्र नवी सवय जडायला वेळ द्यावा लागतो. लंडनमधील ९६ जणांवरच्या एका अभ्यासात हा काळ मध्यमानाने ६६ दिवस भरला. कोणाला १८ दिवस पुरतील, कोणाला २५४ लागतील, असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडत नाही, हेही तेथेच दिसले. पाडव्याचे संकल्प करणाऱ्यांनी एवढा दिलासा गाठीशी बांधावा.

आणि घरातल्या कोणाची खोड काढण्यापूर्वी त्याची बसायची जागा, त्याचा ओटा, त्याची खिडकी एकदा पाहून घ्यावी. चांगल्या रीतींकडेही अधूनमधून मान वर करून पाहावे. माळवदावर आणखी एक थर घालण्याआधी आधीचे किती आहेत, हे मोजायला काय हरकत आहे?

त्या नव्या गावांतूनही आता दिवाळीच्या पणत्या लागतात. उंबरे नवे आहेत; पणती ठेवणारे हात मात्र जुन्याच सवयीने खाली वाकतात.