सार्वजनिक ग्रंथालयांची योजना व जुन्या पोथ्या

रत्नागिरीचें वाचनालय इ. स. १८२८ चें, नाशिकचें १८४० चें. दोन्ही लोकांच्या वर्गणीवर उभीं राहिलीं. सरकारी योजनेचा विचार पुष्कळ मागाहून झाला. मुंबई सरकारनें फैजी समिती नेमिली ती १९३९ त; प्रांताच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंतची उतरंड तिनें आंखून दिली. कोल्हापूर संस्थानानें १९४५ त कायदाच केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यांत ग्रंथालयकर नाहीं, म्हणून भिस्त वार्षिक अनुदानावर. आमच्या मतें खरी उणीव ती हीच. पगार व नवीं पुस्तकें यांतच तें अनुदान सरतें (त्याबद्दल तक्रार नाहीं), मग कपाटांतील पोथ्या व दफ्तरें कसर लागण्यापूर्वीं कोणी सोडवावीं? पुढील आराखडा करणारांनीं इमारतींच्या आधीं जुन्या वाचनालयांतील हस्तलिखितांची यादी करवावी, आणि तिची एक प्रत जिल्हा ग्रंथालयांत ठेववावी.